रविवारचं थँक्यू

ग्लेंडाच्या तोंडाला आमचं सगळं दुकान टरकून असायचं. एकदा एका गिऱ्हाइकाने अर्धी कोंबडी फस्त करून उरलेली अर्धी 'चव बरोबर नाही' म्हणून परत आणली, तर हिने सगळ्या रांगेसमोर त्याला विचारलं होतं, "पोटातल्या अर्ध्या कोंबडीची चव बरी होती का?" त्यामुळे लंडनला कंपनीच्या वार्षिक सभेत उभं राहून बोलायला आमच्या बार्न्सली गावातून एक माणूस हवाय असं युनियनच्या फर्गसने सांगितलं, तेव्हा कॅन्टीनमधल्या सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या. ग्लेंडा बिस्किट चहात बुडवत होती. ते तुटून कपात पडलं.

"मी कशी बोलणार? मी काय भागधारक आहे?" ती म्हणाली.

"तुझ्या नावावर एक शेअर घेतलाय आम्ही," फर्गस म्हणाला. "एक शेअरवाल्यालाही प्रश्न विचारायचा हक्क असतो. सोबत कुणाला तरी घेऊन जा."

सोबत म्हणजे मी. मी नोरीन. फेअरलॉ सुपरमार्केटच्या आमच्या दुकानात बिलाच्या काउंटरवर ग्लेंडा बसते, तिच्या शेजारच्या काउंटरवर मी. आमच्या मध्ये च्युइंगगमचा एक स्टँड आहे, बाकी आडपडदा काही नाही.

आता प्रश्न काय होता ते सांगते, कारण तो ग्लेंडाच्या घरातला होता. तिचा नवरा क्लिफर्ड. खाणीत काम केलेला, मग बस चालवलेला, बोलायला लागला की थांबायचं नाव न घेणारा माणूस. मेंदूत रक्त गोठलं, उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. 'हो', 'अरे देवा' आणि 'थँक्यू', एवढंच काय ते उरलं. चहा दिला की थँक्यू. पायमोजे चढवले की थँक्यू. कधी चिडून काही सांगायला जायचा तर तेव्हाही तोंडातून थँक्यूच निघायचं, आणि मग बिचारा डाव्या हाताने मांडीवर बुक्क्या मारायचा.

आठवड्याचे पाच दिवस त्याला नगरपालिकेच्या दिवसभर सांभाळणाऱ्या केंद्राची गाडी घेऊन जायची. शनिवारी त्याची बहीण यायची. रविवारी बेरिल नावाची एक बाई पैसे घेऊन त्याच्यापाशी बसायची, आणि ते पैसे यायचे रविवारच्या दीडपट पगारातून. वर्षानुवर्षं फेअरलॉत रविवारी दीडपट मिळायचं. गेल्या वसंतात कंपनीने ते बंद केलं. 'सर्व दिवस समान' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेला रंगीत फलक कॅन्टीनमध्ये लागला, त्यावर हसणाऱ्या माणसांचे फोटो. ती माणसं आमच्यातली नव्हती.

बेरिलचं येणं थांबलं. तेव्हापासून क्लिफर्ड रविवारी एकटा. हाताशी रेडिओ, थर्मासमध्ये चहा, आणि 'खुर्चीतून उठायचं नाही' ही ताकीद. ग्लेंडा काउंटरवर बसून भाज्यांचं वजन करायची आणि मधूनच विचारायची, "नोरीन, मी गॅसचा मेन बंद केला होता ना गं?" जशी काही मी तिच्या स्वयंपाकघरात उभी होते. रविवार सोडावा तर भाडं निघत नव्हतं. न सोडावा तर जीव टांगणीला.

आणि त्याच वर्षी आमच्या मोठ्या साहेबाला, टिम हॅलवर्डला, पगारावर एवढा बोनस मिळाला की तो आकडा वाचताना मी एक शून्य गाळलं आणि तरीही मला तो जास्तच वाटला. जानेवारी लागला की ख्रिसमसच्या टर्कीचं उरलंसुरलं सँडविचात भरून संपायच्या आत हा माणूस आमचा वर्षाचा पगार कमावून मोकळा होतो. बरं, बोनस कशासाठी? तर 'मनुष्यबळाच्या खर्चात काटकसर' केल्याबद्दल. ती काटकसर म्हणजे आमचा रविवार. फर्गसने वार्षिक अहवालातलं ते पान आम्हाला दाखवलं तेव्हा ग्लेंडाने ते दोनदा वाचलं, आणि मग ती म्हणाली, "जाते मी."

बुधवारी शेफिल्डला गाडी बदलून आम्ही लंडनला निघालो. ग्लेंडाने लग्नकार्याचा निळा कोट घातला होता. गाडीत ती एक मिनिट स्वस्थ बसली नाही. खिडकीकडची जागा मागितली, मग सोडली. पर्स उघडली, मिटली. केंद्रात फोन केला, क्लिफर्ड जेवला का विचारलं. मग डर्बी स्टेशन गेल्यावर पुन्हा केला.

"अगं, तो बरा आहे," मी म्हटलं. "बुधवारी त्याची चंगळ असते. मासा आणि पुडिंग."

"ऐक, परत म्हणून दाखवते," ती म्हणाली. "आमचा रविवार कापून जे पैसे वाचले त्याचा तुम्हाला बोनस मिळाला. आमचा रविवार परत देणार का? हो की नाही?"

"झकास. आणि 'हो की नाही'वर जोर दे. त्यांना निसटू द्यायचं नाही."

"निसटतायत कसले! मानगूट धरीन मेल्यांची," ती म्हणाली आणि पर्स पुन्हा उघडली.

सभा एका मोठ्या सभागृहात होती. मला पाहुणी म्हणून आत सोडलं. मला वाटलं होतं सुटाबुटातले पैसेवाले असतील, पण निम्म्या खुर्च्यांवर म्हातारेकोतारे पेन्शनर होते, बिस्किटांची फुकट पिशवी आणि नंतरच्या जेवणाची वाट बघत. माझ्या शेजारचे आजोबा म्हणाले की मागच्या वर्षी चीज जास्त चांगलं होतं.

व्यासपीठावर मधोमध अध्यक्षबाई, 'डेम' हा सरकारी किताब मिळालेल्या फिलिपा. पांढरे केस, मोत्यांच्या कुड्या, आवाज असा की झोपताना गोष्ट वाचून दाखवावी. कडेला टिम हॅलवर्ड, गळ्यात टाय नाही, बाह्या दुमडलेल्या, आपण सगळे एकाच दुकानातले असल्यासारखा हसत. एका मुलीने ग्लेंडाच्या हातात माइक दिला. तिने प्रश्न विचारला. शब्द न शब्द तोच. 'हो की नाही'वर जोर देऊन. मी मनातल्या मनात शिट्टी मारली.

मग अध्यक्षबाई बोलल्या.

"ग्लेंडा, सर्वात आधी, तुम्ही एवढ्या लांबून आलात त्याबद्दल आम्ही सगळे तुमचे आभारी आहोत. किती वर्षं झाली तुम्हाला फेअरलॉमध्ये?"

"एकोणीस," ग्लेंडा म्हणाली.

"एकोणीस वर्षं!" सगळ्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या. चीजवाल्या आजोबांनी तर जोरात. "तुमच्यासारखी माणसं हाच आमचा कणा आहे. पगाराचा प्रश्न गुंतागुंतीचा असतो, तुम्ही समजू शकता. टिम स्वतः सहकाऱ्यांचं म्हणणं सतत ऐकत असतात. आज तुम्ही जे मनापासून मांडलंत, ते आमच्यापर्यंत पोचलंय. मिळालं ना तुम्हाला उत्तर?"

आणि ग्लेंडा, जिच्या तोंडाला सगळी बार्न्सली टरकते ती ग्लेंडा, म्हणाली, "हो. थँक्यू. फार छान."

पुन्हा टाळ्या. ती खाली बसली. माइकवाली मुलगी पुढे गेली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "काय छान?" मी तिच्या कानात म्हटलं. "काय छान होतं त्यात?"

"तोंडातून निघून गेलं गं," ती म्हणाली. तिचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. "तिने इतकं गोड विचारलं."

तिला दोष तरी काय देणार, मला माहीत होतं. आम्ही इंग्रज माणसंच तशी. बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यू. कुणी आपल्या पायावर पाय दिला तर आपणच सॉरी. दात उपटणाऱ्या डॉक्टरलाही तोंडातल्या कापसातून थँक्यू. मला तिचा राग आला होता आणि तिच्या जागी मीही तेच म्हटलं असतं याचा त्याहून जास्त आला होता.

मग मतदान झालं. साहेबाच्या पगाराचा ठराव. ग्लेंडाने हातातल्या यंत्रावर 'विरोध' दाबलं, इतक्या जोरात की बोट वाकलं. पडद्यावर निकाल आला, ठराव धोधो मतांनी मंजूर. बड्या गुंतवणूकदारांनी मतं आधीच पाठवून दिलेली असतात, हे आजोबांनी मला समजावलं. म्हणजे आम्ही शेफिल्डला गाडी बदलत होतो तेव्हाच सगळं ठरलेलं होतं.

ग्लेंडा खुर्चीत चुळबुळत होती. कोटाचं एक बटण तिने पिरगाळून पिरगाळून तोडलं. अध्यक्षबाई 'आणखी कुणाला काही?' असं समारोपाच्या सुरात विचारत होत्या, तेवढ्यात ही उठली. माइकची वाट पाहिली नाही.

"मला माझं थँक्यू परत हवंय," ती म्हणाली.

माइकवाली मुलगी धावत तिच्याकडे निघाली.

"माफ करा, मला समजलं नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"मघाशी तुम्ही मला उत्तर दिलं नाहीत, पण मी तुम्हाला थँक्यू दिलं. सवयीने दिलं. ते मी परत घेते. तुमच्या इतिवृत्तात तसं लिहा."

अध्यक्षबाईंनी शेजारच्या माणसाकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. "नोंद घेतलीय," त्या म्हणाल्या. आणि मग, काय करणार, त्याही इथल्याच, "थँक्यू, ग्लेंडा."

लोक खो खो हसले. ग्लेंडा हसली नाही.

जेवणाच्या वेळी टिम हॅलवर्ड स्वतः प्लेट घेऊन आमच्याकडे आला. "फार धीराचं काम केलंस, ग्लेंडा. मनापासून सांगतो. क्लिफर्ड कसा आहे?" कुणीतरी त्याच्या कानात नाव घातलं असणार.

"रविवारी एकटा असतो," ग्लेंडा म्हणाली.

"अरेरे," तो म्हणाला. त्याचा चेहरा खरंच पडला होता, खोटं कशाला बोलू. "फार वाईट वाटलं ऐकून." मग त्याला कुणीतरी हाक मारली. त्याची प्लेट आमच्या टेबलावरच राहिली. सँडविचं आम्ही नॅपकिनमध्ये बांधून घेतली, त्यात लाज कसली.

परतीच्या गाडीत ग्लेंडा पहिल्यांदा स्वस्थ बसली, आणि मलाच भीती वाटायला लागली. "नोरीन," ती म्हणाली, "दिवसभर आपण किती जणांना थँक्यू म्हणतो? ते का म्हणतो आपण?"

"म्हणायचंच असतं. कामाचाच भाग आहे."

"मग रविवारच्या कामाचा भाव उतरवलाय ना त्यांनी? मी पण माल कमी देणार. वजन बरोबर करीन, हिशेब चोख करीन. थँक्यू नाही. रविवारी नाही."

पहिल्या रविवारी मी तिच्याकडे कान लावून बसले होते. बिल, सुटे पैसे, आणि पुढे काही नाही. तोंडाला कुलूप. तुम्हाला सांगते, चोरी झाली असती तरी लोक इतके बेचैन झाले नसते. गिऱ्हाईक पिशवी उचलायचं, घुटमळायचं, आपणच दोनदा थँक्यू म्हणून बघायचं. एक म्हातारे दारापर्यंत जाऊन परत आले. "बाई, माझं काही चुकलं का?"

"तुमचं काही नाही, आजोबा," ग्लेंडा म्हणाली. "रविवारी थँक्यू परवडत नाही. फेअरलॉला विचारा."

पुढच्या रविवारी मी. त्याच्या पुढच्या रविवारी सगळी रांग. मला वाटलं होतं सोपं असेल. छे! शब्द जिभेच्या टोकाशी येऊन उभा राहायचा, शिंक अडवल्यासारखं व्हायचं. संध्याकाळी माझा जबडा दुखायचा. काही लोक चिडले, काही मुद्दाम आमच्याच काउंटरला यायला लागले आणि डोळा मारून गुपचूप जायचे. एका बाईने मला चॉकलेटचा डबा दिला. तेव्हा मात्र मी टेबलाच्या कडा घट्ट धरून ठेवल्या.

कंपनी गिऱ्हाइकाच्या वेषात तपासनीस पाठवते. सौजन्याचे गुण देतात ते. आमचे गुण धडाधड घसरले, आणि मॅनेजर कर्टिसने ग्लेंडाला मागच्या खोलीत बोलावलं. अशा वेळी सोबत एका सहकाऱ्याला न्यायची मुभा असते, म्हणून मी गेले.

"ग्लेंडा, एक शब्द आहे हो फक्त," कर्टिस म्हणाला. तिशीतला पोरगा, डोळ्यांखाली काळं, घरी तान्हं बाळ. "एक शब्द म्हणायला काय जातं तुमचं?"

"मग तुझे वरचे का म्हणत नाहीत 'घ्या तुमचा रविवार' म्हणून? तेही तीनच शब्द आहेत."

"मला तरी कुठे मिळतंय रविवारचं जास्तीचं?"

"मग तू कुणाला थँक्यू म्हणत फिरतोस?"

कर्टिसने कपाळ चोळलं. "पुढच्या वेळी लेखी ताकीद, ग्लेंडा. त्यानंतर माझ्या हातात काही राहणार नाही. क्लिफर्डचा तरी विचार करा."

"त्याचाच करतेय," ती म्हणाली.

लेखी ताकीद आली. तरीही रविवारी ग्लेंडा गप्पच. मी आठवडाभर धड जेवले नाही. हिची नोकरी गेली तर दोघांनी खायचं काय, हे माझ्या डोक्यात कपडे धुण्याच्या मशीनसारखं फिरत होतं.

पण नोकरी गेली नाही. त्याऐवजी एका शुक्रवारी दोन तंत्रज्ञ आले आणि त्यांनी प्रत्येक काउंटरच्या मशीनला एक छोटा स्पीकर बसवला. बिल निघालं की आतून एका बाईचा मुलायम आवाज यायचा, लंडनकडचा, लोण्यासारखा. 'फेअरलॉमध्ये आल्याबद्दल थँक्यू.' फक्त आमच्याकडे नाही, देशभरातल्या सगळ्या दुकानांत. काय खर्च आला असेल देव जाणे. फर्गस म्हणाला, रविवार परत देणं कदाचित स्वस्त पडलं असतं.

कर्टिसचा जीव भांड्यात पडला. "मिटलं बघा प्रकरण," तो ग्लेंडाला म्हणाला. "आता तुम्ही काही म्हणा, म्हणू नका."

त्या रविवारी दिवसभर ते यंत्र बोलत होतं. आणि लोक? लोक त्याला उत्तर देत होते! "अगं, त्यात काय एवढं," असं एक आजी स्पीकरकडे वाकून म्हणाल्या. ग्लेंडा पाठ ताठ करून बसली होती. तिच्याकडे बघायची सोय नव्हती.

दुपारी तिचा फोन वाजला. काउंटरवर फोन ठेवायची बंदी आहे, ती तो मोज्यात खोचून ठेवते. शेजारीण सुझॅन बोलत होती. भिंतीवर कुणीतरी ठोकतंय, आतून, खालच्या बाजूला.

ग्लेंडा उठली. काउंटरच्या सरकत्या पट्ट्यावर कुणाचा तरी फ्लॉवर होता, अर्धं बिल झालं होतं. ती कोटही न घेता चालायला लागली. गाडी माझ्याकडे होती, म्हणून मीही उठले.

"दोघी?" कर्टिस मागून ओरडला. "रविवारच्या गर्दीत दोघी?"

मागे माझ्या मशीनने रिकाम्या खुर्चीवरून कुणाला तरी थँक्यू म्हटलं.

क्लिफर्ड स्वयंपाकघरात जमिनीवर होता, सिंक आणि टेबलाच्या मधल्या बोळकांडीत, एका कुशीवर. हातात चमचा, त्यानेच तो भिंत ठोकत होता. वर ओट्यावर दोन कप मांडून ठेवले होते, दोन्हींत चहाच्या पुड्या. त्याचा थर्मास खुर्चीपाशी भरलेला होता. त्याला नुसता चहा नको होता. ग्लेंडा घरी येईल तेव्हा तिच्यासाठी करून ठेवायचा होता.

"किती वेळ पडलायस रे असा?" ती त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. "किती वेळ?"

"थँक्यू," क्लिफर्ड म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "थँक्यू. अरे देवा. थँक्यू."

"नको म्हणूस," ती म्हणाली. "माझ्या राजा, तू नको म्हणूस."

रुग्णवाहिका आली. एक धिप्पाड टकलू आणि एक लहानखुरी मुलगी, दोघांचे डोळे जागरणाने लाल. त्यांनी त्याला तपासलं, हात-पाय हलवून पाहिले, काही मोडलं नव्हतं. त्याला उचलून खुर्चीत बसवलं, गुडघ्यांवर घोंगडी घातली. त्या मुलीने त्याचा चष्मा शोधून पुसला आणि त्याच्या नाकावर चढवला. मग ती दोघं पिशव्या उचलून निघाली, कारण पुढचा फोन आला होता.

ग्लेंडा त्यांच्या मागे दारापर्यंत गेली. "थँक्यू," ती म्हणाली. मोठ्याने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. लंडनहून आल्यापासून रविवारी तिच्या तोंडून तो शब्द मी ऐकला नव्हता.

ती आत आली, किटलीचं बटण दाबलं आणि क्लिफर्डने मांडलेल्या दोन कपांशेजारी माझ्यासाठी तिसरा ठेवला.

"उद्या सांगते कर्टिसला. रविवार सोडतेय म्हणून," ती म्हणाली.

"आणि भाडं?" मी विचारलं.

पाणी उकळलं, तिने चहा केला, दूध घातलं, आणि पहिला कप नेऊन क्लिफर्डच्या डाव्या हातात दिला.

"थँक्यू," क्लिफर्ड म्हणाला.